पँट शिवणाऱ्याची लुंगी

दादा, तुम्ही पँटसाठी मेलात. तेराव्याला एवढी माणसं जेवून गेली, एकानेही हे तोंडातून काढलं नाही, म्हणून मी लिहिते. चौथीनंतर तुम्हीच मला शाळेतून काढून काज-बटणाला बसवलंत, तेव्हा अक्षर असंच येणार. वाचताना कपाळाला आठ्या घालू नका.

आता मी आयर्लंडमध्ये असते, ॲथलोन नावाच्या गावात. तुमचे जावई टेलिकॉम कंपनीत आहेत, करोना आल्यापासून आतल्या खोलीतनंच ऑफिस करतात. पुढच्या खोलीत मी मशीन टाकलंय. पँट आखूड कर, चेन बदल, कंबर सैल कर. लॉकडाऊनमध्ये घरी बसून सगळ्यांची पोटं सुटली, त्यामुळे यंदा काम चिक्कार. पुरुषाचं माप बाईमाणसाने घ्यायचं नाही म्हणून तुम्ही मला टेपला हात लावू दिला नाहीत. इथे मी रोज घेते. कुणाचं काही वाकडं झालेलं नाही.

उन्हाळ्यात दुकानं उघडली तेव्हा रस्त्यापलीकडचा एक माणूस आला. पन्नाशी उलटलेला, गावात हार्डवेअरच्या दुकानात काऊंटरला असतो. तोंडाला मास्क आणि कमरेला किल्ट. तुम्ही कुठे बघितला असणार. गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा जाड लोकरी घेर, मागे निऱ्या, बाजूला चामड्याचे पट्टे. इथे तो बँडवाले घालतात, नाहीतर लग्नात नवरदेव, तोही भाड्याने आणून. ह्याने भावाच्या लग्नात विकत घेतला होता. नडगीवर शिरा फुगून जखम झालेली, नर्स पट्ट्या बांधून जाते, वरून पँट चढवली की घासते. लॉकडाऊनभर घरात किल्ट घालून बसला तर जखम भरत आली. मग आता कामावरही हाच घालतो म्हणाला. पट्टे सरकवून सैल कर आणि दोन्ही बाजूंना खिसे लाव, टेप-पेन्सिल ठेवायला. मी माप घेत होते तेव्हा विचारतो, "काय वाटतं, पुरुष रोज घालायला लागतील का हे?"

मी म्हटलं, नाही.

तो हसला. आतून जावयांनी माईक बंद करून मराठीत विचारलं, "तुझं गिऱ्हाईक परकर नेसून आलंय का?" काय म्हणाले ते, असं त्याने विचारल्यावर मी सांगितलं, ग्रँड दिसतंय म्हणाले.

मग खिसे लावायला बसले आणि तुमचा पाय डोळ्यासमोर आला. साखरेची जखम, घोट्याच्या वर, रुपयाएवढी. डॉक्टर म्हणतात, वारा लागू द्या, लुंगी नेसा. घरात तुम्ही लुंगीच नेसता. पण दुकानाची फळी काढायची वेळ झाली की टेरिकॉटची पँट, क्रीझ मारलेली. आई दारात लुंगी घेऊन उभी आहे आणि तुम्ही तिच्यावर खेकसताय, "पँट शिवणारा लुंगीत बसला तर गिऱ्हाईक काय म्हणेल?" संध्याकाळी पँट काढताना कापडाबरोबर खपली येते. आई पाणी मारून मारून कापड सोडवते, तुम्ही भिंतीकडे बघता. आधी बोटं काढली, मग गुडघ्याखालचा पाय, मग तुम्हीच गेलात. त्या माणसाला मी नाही म्हटलं ते उगाच नाही. तुमचे वडील जन्मभर धोतरात वावरले, कुणी हसलं नाही. तुमच्या डोळ्यांदेखत पँट आली आणि धोतर लग्नापुरतं उरलं. एकदा लग्नापुरतं उरलेलं कापड परत कामावर येत नाही, दादा. तो घेर घातला म्हणून पुरुष काही मरत नाही. दुसरा पुरुष काय म्हणेल ह्या भीतीने तो मरतो. शिवाय त्या निऱ्या रोज इस्त्री कोण करणार? घरातली बाईच ना.

तिसऱ्या आठवड्यात तो परत आला. पँटमध्ये. पाय ओढत. हातात नव्या दोन पँटी, आखूड करायला. मालक काही बोलला नव्हता म्हणे. पण गिऱ्हाइकं रोज थट्टा करायची, कुणी फोटो काढायचं. इथे एखाद्याचं नाव न घेता 'युवर मॅन' म्हणतात, तसं गावात सगळे ह्याला 'स्कर्टवाला युवर मॅन' म्हणायला लागले. "जरा क्रॅक चालली होती, थट्टा, दुसरं काही नाही," तो म्हणाला. नडगीपाशी पँटवर पिवळा डाग होता. तो डाग मला ओळखू येतो.

मी पँटी त्याच्याकडे परत सरकवल्या. ह्या मी करणार नाही म्हटलं. मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं, माझ्या वडिलांना अशीच जखम होती, वरून पँट घातली, पाय कापला, मेले. तो पँटींची घडी नीट करत राहिला. मग विचारलं, "काय काम करायचे वडील?"

"पँटी शिवायचे."

तो हसला नाही. पँटी काखेत घेतल्या आणि गेला. जावई म्हणाले, आलेलं काम घालवलंस. मी म्हटलं, तुम्ही तुमचं ऑफिस बघा.

परवा मी त्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. मला काही नको होतं, खिळ्यांची पुडी घेतली. तो काऊंटरमागे उभा होता आणि काऊंटर पार छातीपर्यंत. खाली पँट आहे का किल्ट, कळायला मार्ग नाही. वाकून बघण्याची हिंमत झाली नाही. पैसे देताना मात्र डोकं तडकलं. तुम्हीही काऊंटरमागेच बसायचात, दादा. तिथे बसलेल्याचे पाय कोण बघणार होतं?

आता हे पाठवायचं तरी कुठे. मशीनच्या खणात राहील. एवढं बोलले तर एक खरं सांगून टाकते. तुम्ही लुंगीत दुकानात बसला असतात तर मीही हसले असते, पदराआड तोंड करून, चांगली पोट धरून. आणि हसून झाल्यावर तुमचा चहा आणून दिला असता.