आमचं ‘या’

७ एप्रिल
अभय घरी आला. सेमिनरीतलं, म्हणजे पाद्री व्हायच्या शिक्षणाचं, पहिलं वर्ष संपलं. आता दोन महिने इथे राहून सिटी सेंटरला जर्मनचा क्लास करायचा. परीक्षा पास झाला तर संस्था त्याला जर्मनीला पाठवणार. पुढचं शिक्षण तिथे, मग तिथल्याच चर्चमध्ये सेवा. किती वर्षं, ते कुणी सांगितलेलं नाही. सोबत एक कागद आणलाय, इंग्रजी-जर्मन दोन्हीत. आईवडिलांची संमती. एकुलता एक म्हणून आधी सही, बाकी सगळं नंतर.
चष्मा सापडत नाही म्हणालो. खिशातच होता.

९ एप्रिल
अ.चं जर्मनचं पुस्तक म्हणजे झेरॉक्सचा गठ्ठा. पिन निघालेली, पानं पुढेमागे. इंदरगंजला माझ्या बाइंडिंगच्या दुकानावर नेला. बाइंडिंगला आलेलं पान शिवण्याआधी वाचून बघायची माझी जुनी सवय, भाषा कळो न कळो. अक्षरं इंग्रजीच, काहींच्या डोक्यावर दोन टिंबं. एक शब्द पानोपानी. जे आणि ए. जा. इतकं कुणाला घालवतात हे लोक?
संध्याकाळी विचारलं. अ. पोट धरून हसला. “बाबा, ते ‘या’ आहे. या म्हणजे हो.”
लिहायचं जा, म्हणायचं या, समजायचं हो. जेवताना तेच डोक्यात.

११ एप्रिल
अ. पाचला उठतो, प्रार्थना करतो, गॅलरी झाडतो, कपबशा धुऊन पालथ्या घालतो. सेमिनरीची शिस्त. मला बरं वाटतं. त्याच्या आईला नाही. “पाहुण्यासारखा वागतोय. स्वतःचा कप कधी उचलला होता का यानं?”
क्लासला निघताना, “आई, मी चलतो.”
“चलतो काय? येतो म्हण.”
“एकच मतलब आहे ना, आई.”
“एकच नाही.”
हे रोजचं.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
चर्चहून येताना शेजारचे जाधव जिन्यात भेटले. अ.ला म्हणाले, “काय ब्रदर, मिशनरी तिकडून इकडे यायचे. तुम्ही उलटे कसे?”
अ. म्हणाला, “काका, अब उधर पाद्री कम पड़ गए हैं. म्हणून आमच्यासारख्यांना बोलावतात.”
“जाऊन ये. आमचे पूर्वज दक्षिणेतून इकडे फौजेत आले तेही दोनचार वर्षांसाठीच म्हणून आले होते.” आणि मोठ्यानं हसले.
अ. हसला, मीही. त्याची आई झावळी हातात धरून पुढे वर निघून गेली.

१६ एप्रिल
अ. प्रभूची प्रार्थना जर्मनमध्ये पाठ करतोय. सुरुवातच “फाटर उन्झर”. स्वयंपाकघरातून आवाज आला, “कुणाचं काय फाटलं?” फाटर म्हणजे पिता.
मी विचारलं, देवाला तिथे काय म्हणतात, तुम्ही की तू? म्हणाला, “दू. म्हणजे तू. क्लासच्या मॅडमना मात्र तुम्ही म्हणायचं, नाहीतर रागावतात.”
हे ऐकून का कोण जाणे, मन थोडं निवांत झालं. गावच्या शाळेत मास्तरांना तुम्ही आणि प्रार्थनेत देवाला तू, हे मी न विचारता शिकलो होतो. इतक्या लांबही तसंच. थंडी कितीही असो, हे एक ओळखीचं निघालं.

२० एप्रिल, ईस्टर
पहाटेची उपासना. अ.नं वाचन केलं. आवाज स्वच्छ. अ.ची आई डोळे मिटून होती. कागदाचा विषय दोघांनीही काढला नाही.

२४ एप्रिल
आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.
दुकानातून आलो. बोटांना खळ तशीच. अ. मोबाईल टेबलावर उभा करून संस्थेच्या जर्मनीतल्या मठाच्या मुख्य फादरांशी बोलत होता. मला बघून म्हणाला, “बाबा, एक मिनिट या इकडे.” पुढे गेलो. पडद्यावर पांढऱ्या केसांचे म्हातारे गृहस्थ, अंगात लोकरीचा स्वेटर. मला बघून ते खुर्चीतून उठून उभे राहिले. एवढा वडीलधारा माणूस जणू दारात उभा, तर तोंडातून जे जायचं तेच गेलं. “या, या! बसा ना.”
“या?” म्हातारे म्हणाले. मग “या! या!” हात जोडले, डोळे पुसले, मागे वळून कुणाला तरी काही सांगितलं.
अ.चा चेहरा पडला. फोन ठेवल्यावर त्यानं सांगितलं. माझ्या येण्याआधी त्यांनी विचारलं होतं, वडिलांची संमती आहे का.
आतून अ.च्या आईची विचारणा. “काय म्हणालात त्यांना?”
“बसा म्हणालो.”

२५ एप्रिल
अ. रात्रभर अस्वस्थ असावा. सकाळी म्हणाला, “बाबा, मी त्यांना खरं लिहितो. गलतफहमीवर मी जाणार नाही.”
म्हटलं, थांब दोन दिवस.
दुकानात दिवसभर विचार. मी हो म्हटलं नाही, हे खरं. पण नाही तरी कुठे म्हटलं होतं? इतके दिवस फक्त चष्मा शोधत होतो. प्रार्थनेत विचारलं, माझ्या तोंडून कोण बोललं?

२७ एप्रिल
जेवताना अ.च्या आईनं एकदम विचारलं, “तिथे निघताना काय म्हणतात?”
अ.नं ते लांबलचक काहीतरी म्हणून दाखवलं. “म्हणजे, पुन्हा भेटू.”
“जातो म्हणत नाहीत?”
“नाही, आई.”
तिनं त्याच्या ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढली.

२९ एप्रिल
अ.चं पुस्तक तयार झालं. निळा पुठ्ठा, कापडी पाठ. कागद आता त्याच्यातच ठेवलाय. सकाळी चष्मा लावून पहिल्यांदा पूर्ण बघितला. जर्मन मजकुराच्या तळाशी दोन चौकोन. एकापुढे नाही असावं. दुसऱ्यापुढे जे आणि ए. डोळ्यांनी वाचलं, जा. हळूच तोंडानं म्हटलं, या. अ.ची आई कणीक मळता मळता माझ्याकडे बघत होती. “पेन चालतंय का बघा आधी,” एवढंच म्हणाली.
टोपण काढलं.
तेवढ्यात अ. चपला घालत दारातून, कुणी न सांगता, “बाबा, येतो.”
तिचे हात परातीतच थांबले.
मी “ये” म्हणालो. तो जिना उतरून गेला. पेन अजून उघडंच आहे.