पप्पाचा दम

उमेळे, ३ नोव्हेंबर २०२४

चि. लविना बाय,
अ. आ.

मी बरा आहे. फोन बिघडलाय. म्हणून पत्र. केळी छान आलीत. तुझ्या लग्नाला पुरतील. इनेझ आत्या शिव्या देते. म्हणजे ठणठणीत आहे. बँडमध्ये मीच वाजवणार. ट्रम्पेट पुसून ठेवलाय. तुझा भाऊ काही सांगेल. एरॉलचं ऐकू नको. थोडा खोकला आहे. बस.

माया असू दे.
तुझा पप्पा

नाशिक, ८ नोव्हेंबर

प्रिय पप्पा,
सा. न.

फोन बिघडलेला नाही, एरॉल त्याच फोनवरून बोलला. एक्स-रेत छातीत पाणी दिसलं, तू तक्क्याला टेकून बसून झोपतोस, डॉक्टर पाठीतून सुई घालून पाणी काढू म्हणाले तर तू शर्ट चढवून थेट रिक्षात बसलास. का, तर म्हणे पाठीला भोक पडलं की हवा तिथूनच जाणार आणि लग्नात ट्रम्पेट वाजणार नाही. पप्पा, तू काय सायकलची ट्यूब आहेस?

एरॉल गप्प राहिला असता तरी मला कळलं असतं. केळीचा एक घड उतरवलास तरी तू चार पानं लिहितोस. या वेळी तीन-चार शब्द झाले की पूर्णविराम. तुझी धाप मला ऐकू येऊ नये म्हणून पत्र लिहिलंस ना? मी ती पत्रात ऐकली.

इथल्या डॉक्टरांना विचारलं. पाणी फुप्फुसात नाही, त्याच्या बाहेर, फुप्फुस आणि बरगड्यांच्या मध्ये साचलंय. त्याने फुप्फुस दबतं. पाणी काढलं की फुगायला जागा होते. भोक सुईएवढं, आपोआप बुजतं.

जानेवारीत चर्चच्या दारापासून अल्तारापर्यंत मला तुझा हात पाहिजे. ट्रम्पेट काय, कुणीही वाजवेल.

रागावलास तरी लोभ कमी करू नको.
तुझी लविना

उमेळे, १९ नोव्हेंबर

चि. लविना बाय,
अ. आ.

‘कुणीही वाजवेल’ वाचून मी इतका भडकलो की तुला झापण्यापुरता तरी दम मिळावा म्हणून एरॉलला म्हटलं चल, आणि दवाखान्यात मला टेबलावरच्या उशीवर वाकून बसवलं, चर्चच्या बाकावर डुलकी काढतो तसं, पाठ बधिर केली, सुई घातली आणि नळीतून बाटलीत कोऱ्या चहासारखं पाणी उतरायला लागलं, बाहेर आत्याचा रोझरीचा जप इतका मोठ्याने की नर्सने दोनदा गप्प केलं, शेवटी सुई काढताना डॉक्टर म्हणाले श्वास धरा, आता बँडवाल्याला हे सांगायचं असतं का, मी धरला, सुई निघाली, पट्टी लागली, डॉक्टर हात धुवून आले तरी मी धरूनच, तेव्हा ते घाबरून म्हणाले अंकल, सोडा, आणि सोडून मी दुसरा घेतला तो, बाय, पार खालपर्यंत गेला, आणि भोकातून काहीसुद्धा निघालं नाही.

डॉक्टर टीबी म्हणतात. सहा महिने गोळ्या खायच्या, बरा होतो. पण जानेवारीत ट्रम्पेट बंद. एरॉलला दिलाय. म्हशीसारखा वाजवतो, लग्नात हसू नको.

रोज संध्याकाळी केळीच्या दोन रांगांमधून चालायचा सराव करतो. आत्या नवरी होते, मी हात देतो. ती फार घाईची नवरी आहे.

तू सावकाश चाल.

माया असू दे.
तुझा पप्पा