फ्लायव्हीलवरची खरी खूण

अहो,

दवाखान्यातून आलात की शेड रिकामी दिसेल, घाबरू नका. तुम्ही बोलावलेल्या भंगारवाल्याला मीच परत पाठवलंय. माझ्या आप्पांचा ट्रॅक्टर घेऊन मी जयनगरला, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला चाललेय.

हँडलने उलटा झटका दिला आणि तुमचं मनगट मोडलं, त्यात इंजिनाचा दोष नव्हता. दर खंडेनवमीला आप्पा इंजिनाच्या जड चाकाला, त्या फ्लायव्हीलला, हळदकुंकू फासायचे. त्या थराखाली ठिणगीच्या टायमिंगची खूण बुजून गेली होती आणि तुम्ही शेजारच्या ओरखड्यालाच खूण समजलात. म्हणून ठिणगी वेळेआधी पडत होती. मी सगळं रॉकेलने पुसून काढलं आणि टायमिंग खऱ्या खुणेवर लावलं. "तुला काय कळतंय त्यातलं," म्हणाला होतात ना? पहिल्याच हँडलला सुरू झाला! समोरच्या शिवाप्पाअण्णांनी तर टाळ्या वाजवल्या.

आमटी गरम करून जेवा. प्लास्टरच्या हाताने कुकर उचलू नका. मग मेट्रोने या. परत येताना मडगार्डवर तुमच्यासाठी उशी बांधून ठेवलीय. चालवणार मीच.

श्यामला