बिननावाच्या चिठ्ठ्या

४ मार्च, सोमवार
आमच्या कारखान्यातली आणखी एक चाकांची खुर्ची परत आली! पुढच्या चाकाजवळचा वेल्डिंगचा जोड उकललेला. उमेओ शहरातल्या कुणी बाई खुर्चीसकट तोंडावर पडल्या, मनगट मोडलं. तीन आठवड्यांतली तिसरी खुर्ची. आणि आमचा व्यवस्थापक सिक्स्टन विचारतो, "तीनच ना?" तीनच!!

५ मार्च
दहातली एक खुर्ची मी तपासते. जोड कच्चा दिसला की चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. चिठ्ठीवर वेल्डरचं नाव नाही – चूक शोधायची, माणूस नाही. कंपनी आणि युनियननं मिळून केलेला नियम, त्यासाठी भांडले मीच. जानेवारीपासून अकरा चिठ्ठ्या टाकल्या. संयुक्त समितीपुढे एकही नाही! सिक्स्टननंच गिळल्या, दुसरं कोण? वर कंपनी-युनियन भागीदारीच्या गप्पा मारतो.

६ मार्च
तोर्वाल्डला सांगितलं. म्हणाला, "जाऊ दे ना, इल्वा. लोक खुर्च्या आपटतात." आमच्याच कारखान्यात बावीस वर्षं वेल्डिंग करणारा माझा नवरा हे बोलतो! कडाकडा भांडले. तो न जेवताच उठला.

७ मार्च
समितीची बैठक. कॉफी, दालचिनीचे पाव, सगळे गोड गोड. मी सरळ विचारलं, "सिक्स्टन, माझ्या चिठ्ठ्या कुठं दडवल्यास?"
"कसल्या चिठ्ठ्या?" त्याचा चेहरा पांढराफटक. त्याला खरंच ठाऊक नव्हतं!
पेटीची किल्ली समितीवरच्या आमच्या युनियन प्रतिनिधीकडे, बोर्येकडे. तो कपात चमचा ढवळत बसलेला. "आपसात मिटवणार होतो गं."
आपसात! त्या बाईंचं मनगट काय आपसात मोडलं?
सिक्स्टननं तिथल्या तिथं काम बंद केलं, गेलेल्या खुर्च्या परत मागवल्या. एका शब्दानं वाद घातला नाही. मी त्याला चोर ठरवून मोकळी झाले होते – लाज वाटली. पण बोर्ये! आपला माणूस म्हणून मत दिलं होतं याला. बाहेर गाठून विचारलं, कुणाला पाठीशी घालतोयस?
"घरी जा, इल्वा," एवढंच म्हणाला.

८ मार्च
तोर्वाल्डला नोव्हेंबरपासून डाव्या डोळ्यानं दिसत नाही. बोर्येला माहीत होतं. मला नाही.
"तुला सांगितलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी तू मला कामावरून उठवलं असतंस."
हो. उठवलं असतं.