नवरीच्या पदकावरची हनुवटी

प्रिय ओर्सिना,

तीन वर्षांनी बापाचं अक्षर पाहून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. त्या कुंभाराशी लग्न केलंस तर या उंबऱ्याशी परत येऊ नकोस, असं मी ओरडलो होतो आणि तू ते शब्दशः पाळलंस. हट्टीपणात माझ्यावरच गेली आहेस. तुझ्याशिवाय मला करमत नाही, हे कबूल करायला मला एवढी वर्षं लागली.

इथे फेरारात पदकांचं वेड काही ओसरत नाही. कोणाच्या शेतात नांगराला जुनं रोमन नाणं लागलं, की तो ते घेऊन माझ्या कारखान्यात हजर. "मास्तर, मी या सीझरसारखा दिसलो पाहिजे!" मग मी त्याला एका बाजूला तोंड करून उजेडात बसवतो, मान ताठ करायला लावतो आणि पाटीवर मेणाचा चेहरा घडवतो. पोट पदकात येत नाही, हे त्याचं नशीब.

ईस्टरनंतर एका सरदाराच्या मुलीच्या लग्नाच्या पदकाचं काम माझ्याकडे आलं. नवरी दोनदाच बसली, तीही चुळबुळत. उरलेलं मी आठवणीने घडवलं, नमुना म्हणून शिशात ओतलं आणि ऐटीत वाड्यावर घेऊन गेलो. नवरीच्या आईसाहेबांनी ते खिडकीशी नेऊन निरखलं. "अहो मास्तर, ही कोणाची पोर आमच्या गळ्यात मारताय?" पाहुणे खो-खो हसले. मी पाहिलं, तर पुढे आलेली हनुवटी आणि कानामागून सुटलेली बट. ती तू होतीस, पोरी. चाळीस वर्षांत अशी चूक माझ्याकडून झाली नव्हती. लाज वाटायची सोडून मला तिथेच रडू आलं.

आईसाहेबांनी नवरीला दटावून आणखी पाच सकाळी बसवलं, म्हणून काम निभावलं. तुझी आई मात्र रोज ऐकवते, "बोटांना अक्कल आली, तुम्हाला कधी येणार?"

ते शिशाचं पदक सोबत पाठवतोय. मी चुकलो, ओर्सिना. तुझ्या नवऱ्याला, नान्नीला, मातीत हात घालणारा म्हणून हिणवलं, तेव्हा साच्याच्या मातीने माझेच हात कोपरापर्यंत बरबटले होते. पदक उलटून पाहा. मागची बाजू कोरी ठेवली आहे. जोडप्याच्या पदकात तिथे नवऱ्याचा चेहरा असतो. सोमवारी मेण घेऊन, खेचरावर बसून तुमच्या फाएन्झाला निघतोय. जावईबापूंना विचार, माझ्यासमोर बसतील का? नाही म्हणाले, तर मी तुमच्या दाराबाहेर बसून राहीन, ते हो म्हणेपर्यंत.

तुझाच, उशिरा शहाणा झालेला,
बाबा