बटणांची शिकवणी

सूनबाई,

मी डोळ्याच्या ऑपरेशनला निघाले, चार दिवस पोरं तुझ्या गळ्यात. पोरांच्या हातात मोबाईल दिलास म्हणून काल तुला नको ते बोलले. तरी मोबाईल कपाटावरच राहू दे.

पोरं कुरकुरली की माझा बटणांचा डबा चटईवर उपडा कर. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे लावू देत. तू नजर ठेव.

तुझा नवरा असाच माझ्या शिलाई मशीनपाशी बसून मोजायला शिकला. शाळेत जायला लागला तसा बटणांची अक्षरं मांडून मलाच शिकवायचा. चुकले की दरडावायचा, "आई, लक्ष कुठंय तुझं?" मी जेमतेम वाचायला लागले तोवर तो मोठा झाला. शिकवणी अर्धीच राहिली.

उरलेली नातीकडून घेईन. डोळा दुरुस्त करतेय तो तेवढ्यासाठीच. तुमची तोंडं मला पाठ आहेत.