कुणालाच ओळखता न आलेली ट्यून

५ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर चांगलं आहे. लॉन्ड्रीत पावतीवर ‘डाग आधीपासूनचा’ हे मीच लिहिते, आणि गिऱ्हाइकाला ते नीट वाचता येतं म्हणूनच भांडणं होतात.

लिहायचं कारण, मी मंडळाची मेंबर झाले. सिनेमातल्या संगीताचं मंडळ. गाण्यांचं नाही. गाणी काय, कुणीही ऐकतं. सिनेमात माणूस जिना चढतो, पत्र फाडतो, रडतो, तेव्हा मागे जे वाजतं त्याचं. आपल्या आवडीचा तुकडा न्यायचा, बाकीच्यांना ऐकवायचा, त्यांचा आपण ऐकायचा. चष्मा आमच्या काचेवर त्याचा कागद चिकटवायला आला होता. चष्मा म्हणजे भूगोलाचे रिटायर मास्तर, मंडळाचे अध्यक्ष. शर्ट आमच्याकडेच येतात. कॉलर बघवत नाही. मी म्हटलं, चिकटवा सर, पण मला आत घ्या. तो म्हणाला, तुम्हाला आवड आहे? मी म्हटलं, मला कान आहेत. त्याने नाव लिहून घेतलं.

९ फेब्रुवारी
पहिली मीटिंग. वाचनालयाच्या वरची खोली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक स्पीकर, एक पंखा, तोही कुरकुरणारा. औषधवाली आली होती. चौकातल्या औषधांच्या दुकानाची मालकीण. तिचा पांढरा कोट आम्हीच धुतो, आणि तो घातला की ती स्वतःला डॉक्टर समजते. एक खोकला. त्याने नाव सांगितलं होतं, पण संगीत हळू झालं की हा खोकतो, त्यामुळे नाव लक्षात ठेवायची गरज पडली नाही.

नियम एकच, वाजत असताना बोलायचं नाही. मी फार बोलले नाही. जे बोलले ते उपयोगाचं होतं.

औषधवालीने आणलेला तुकडा एवढा लांब, की तेवढ्यात माझ्या दोन डबल चादरी झाल्या असत्या. संपल्यावर सगळे डोळे मिटून बसले. मला वाटलं, लागली झोप. टाळी वाजवून उठवलं.

मग माझी पाळी. माझं मोबाइलमध्ये नसतं, डोक्यात असतं, असं सांगून गुणगुणले. टिंग टिडिंग टिंग, टिडी टिडी टिंग, आणि शेवटी एक लांबलचक टिंऽऽग.  खोकलासुद्धा खोकला नाही. चष्म्याने विचारलं, कुठल्या सिनेमातलं हे? मी म्हटलं, जाणकार तुम्ही, तुम्ही सांगा.

एकालाही सांगता आलं नाही. पहिल्याच दिवशी सगळे गार.

१० फेब्रुवारी
नाव मलाही आठवत नाही, पण ते फक्त इथे लिहिते. लहानपणी मावशीने एकच सिनेमा दाखवला होता. शेवटी ती बाई स्टेशनवर धावते आणि गाडी निघून जाते. मी एवढी रडले की मावशीने परत कधी नेलं नाही. ट्यून त्यातलीच. नाहीतर मनात इतकी घट्ट कशाला बसेल? आठवली की एकदम सुटल्यासारखं वाटतं. काहीतरी पार पडलं असं. थोडं ओलं ओलंही वाटतं. भावना असणार.

ह्यांना ऐकवली. हे म्हणाले, अगं, ही मी ऐकली आहे, तुझ्या दुकानात. मी म्हटलं, मग, दिवसभर मी तिथेच असते ना? माझ्याच तोंडून ऐकली असेल. डबा द्यायला यायचं आणि दारात उभं राहून जांभया द्यायच्या, एवढंच ह्यांचं संगीत.

२३ फेब्रुवारी
खोकल्याने घरच्या सगळ्या जुन्या कॅसेटी उलट्यापालट्या केल्या. नाही सापडली. औषधवालीने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. म्हणे, गुणगुणलं की हा ओळखतो. गुणगुणले. मोबाइल म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला. तो म्हणाला, आजूबाजूचा आवाज कमी करा. आजूबाजूला आवाज नव्हताच, मीच होते. औषधवाली हसली. हसू दे. मोबाइललाही माहीत नाही म्हणजे किती दुर्मिळ वस्तू आहे बघा.

चष्म्याला सिनेमाची गोष्ट हवी होती. मी स्टेशन सांगितलं. त्याने नुसतं हं केलं. मग मी एक आंधळा भाऊ घातला. एवढं चालतं.

२६ फेब्रुवारी
दुकानात जाऊला ट्यून ऐकवली. धाकटी जाऊ. मागच्या खोलीत मशीन ती बघते, पुढे इस्त्री आणि काउंटर माझ्याकडे. मागचं झालं की मी उठायचं, दोघींनी चादरीची टोकं धरून झटकायची, हे इतकं सवयीचं की कुणी कुणाला हाक मारत नाही. ऐकून ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ताई, ही तर आपल्या... मी म्हटलं, आपल्या काळातली नाही गं, तुला नाही कळायचं. ते पडदे भिजवून ठेव आधी.

बिचारीला कधी सिनेमाला कुणी नेलंच नाही.

९ मार्च
मोठी बातमी. मंडळाचा वाढदिवस. संगीताचा क्लास घेणारा तो दाढीवाला, म्हणजे दाढी, त्याच्या पोरापोरींचा वाद्यवृंद आहे, ते एक ट्यून वाजवणार. खऱ्या वाद्यांवर, खऱ्या हॉलमध्ये. ट्यून मेंबरांपैकी एकाची, आणि ज्याची निवडली जाईल त्याने स्टेजवर जाऊन तिच्याबद्दल बोलायचं.

मला हे हवंच आहे. लोक मोबाइल कानाला लावून येतात, मळक्या कपड्यांची पिशवी ढकलतात आणि हनुवटीने सांगतात, उद्या. माझं तोंड कसं आहे हे औषधवालीला मीटिंगमध्येच पहिल्यांदा दिसलं. एवढी वर्षं कोट देते-घेते. त्यांनी एकदा खाली बसावं आणि मान वर करून माझ्याकडे बघावं. जास्त काही मागत नाही.

ठरवलं: भांडायचं नाही, बोलायचं नाही, गोड राहायचं.

११ मार्च
चष्म्याची कॉलर स्वतः घासली. आता शर्ट नवा वाटतो, चष्मा जुना वाटतो. खोकल्याचं ब्लँकेट लगेच दिलं, तेही हसून. तो घाबरून गेला.

१३ मार्च
मशीन बिघडलं. मेकॅनिक उद्या येतो म्हणाला. त्यांचा उद्या मला माहीत आहे.

१५ मार्च
मशीन बंदच. दाढी सगळ्या मेंबरांच्या ट्यून लिहून घेत फिरतोय, माझी घ्यायला आला आणि नेमकी मला आठवेना. टिंग टिडिंगच्या पुढे काळोख. दाढी म्हणाला, काकू, आरामात. मी म्हटलं, काकू कुणाला म्हणतोस, आणि आराम कुठे आहे इथे? गोड राहायचं होतं, राहून गेलं. जाऊ मागून म्हणाली, ताई, मशीन सुरू झालं की आठवेल तुम्हाला. मी म्हटलं, तुझं आपलं मशीन आणि मशीन. डोक्यात दुसरं काही आहे का?

काळजीने गेली असणार. कलाकारांचं असंच असतं.

१८ मार्च
मशीन दुरुस्त. टॉवेलांच्या घड्या घालत होते आणि अख्खी ट्यून परत आली! शेवटच्या टिंऽऽगसकट. इतकी स्वच्छ की जणू शेजारीच कुणी वाजवतंय. मन शांत झालं की कला आपोआप येते. धावत क्लासला गेले आणि दाढीला लिहून दिली, म्हणजे मी गुणगुणले, त्याने लिहिली.

जाऊ दारापर्यंत मागे आली होती, ताई एक मिनिट, ताई एक मिनिट करत. मिनिट नव्हतं.

२३ मार्च
मतदान. जिंकले! औषधवालीच्या लांबलचक तुकड्याला एकच मत, तिचं. दाढी म्हणाला, पोरं अजून नवी आहेत, ह्यांची ट्यून छोटी आहे, एवढं जमेल त्यांना. आता ह्यात जळण्यासारखं काय आहे? पण असतो एकेकाचा स्वभाव.

चष्मा म्हणाला, सिनेमाचं नाव मात्र शोधून ठेवा बाई. म्हटलं, हो.

३० मार्च
भाषण पाठ करते आहे. स्टेशन साधं वाटत होतं म्हणून बोट केली. ती धावते, बोट सुटते, आंधळा भाऊ धक्क्यावर राहतो. ह्यांना म्हणून दाखवलं. हे म्हणाले, तू मागे रेल्वे सांगितली होतीस. मी म्हटलं, रेल्वेने ती बोटीपर्यंत जाते. ह्यांना सगळं फोडून सांगावं लागतं.

जाऊ म्हणते, कार्यक्रमाच्या आधी तिला माझ्याशी बोलायचंय. सुट्टी हवी असणार. म्हटलं, नंतर बोलू, आणि तूही ये, पुढे बस, जरा शिक.

७ एप्रिल
काल कार्यक्रम झाला.

हॉल भरला होता. निम्मी माझी गिऱ्हाइकं. मी स्टेजवर, खुर्चीत. खाली सगळ्यांच्या माना वर. बोट सुटली तेव्हा औषधवालीने डोळे पुसले, स्वतः बघितलं मी. आंधळ्या भावाच्या वेळी खोकल्याचा खोकला घशातच राहिला. इथपर्यंत सगळं बरोबर आहे, हे लिहून ठेवते.

मग पोरांनी वाजवली. व्हायोलिनवर, बासरीवर. काय वाजवली! हळू सुरू झाली, वर चढली, आणि मग शेवटचा टिंऽऽग.

मी उठले. उठायचं नव्हतं. पाय आपले आपण उठले. दोन्ही हात पुढे करून, चिमटीत चादरीची टोकं धरून उभी. चादर नव्हती. समोर तिसऱ्या रांगेत जाऊही उठली होती. तिथूनच ओरडली, ताई, तुम्ही बसा, मशीन मी रिकामं करते!

 चष्मा माइक धरून उभाच होता. त्याने माइकवरूनच विचारलं, कुठलं मशीन? जाऊ म्हणाली, दुकानातलं, सर. कपडे धुऊन झाले की ते हेच वाजवतं. मी कधीची सांगतेय, ताई मला बोलूच देत नाहीत.

मागच्या रांगेतून ह्यांचा आवाज आला, म्हटलं नव्हतं, दुकानात ऐकली आहे!

हसायला आधी औषधवालीने सुरुवात केली. मग दाढीच्या पोरांनी. मग कोण कोण ते बघितलं नाही. मी खाली बसले. हात तेवढे उशिरा खाली आले.

घरी येताना जाऊशी बोलले नाही. ती म्हणाली, ताई, वाजवली मात्र छान. ह्यांनी विचारलं, मग बोटीचं काय झालं? ह्यांच्याशीही बोलणं बंद.

८ एप्रिल
दुकान उघडलं. आज एकानेही हनुवटीने सांगितलं नाही. सगळ्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. जे हवं होतं ते मिळालं. हसत बघितलं, तेवढं सोडून.

चष्मा शर्ट न्यायला आला. मी त्याच्याकडे न बघता पावती फाडली. तेवढ्यात मागे मशीन वाजलं. टिंग टिडिंग टिंग. मी तोंड उघडलं, तर त्याने बोट वर केलं, गप्प, वाजतंय. आणि डोळे मिटून शेवटच्या टिंऽऽगपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, तुमचा कान चांगला आहे बाई, एकही सूर चुकला नव्हता. शनिवारी या, मात्र ह्या वेळी दुसरं काहीतरी आणा.

जायचंच. न जाऊन त्या औषधवालीला आनंद कशाला द्यायचा? शिवाय मशीनच्या कंपनीवाल्यांनी ती मावशीच्या सिनेमातूनच उचलली असणार, कधीतरी सिद्ध करीनच.

दुसरी ट्यूनही आहे. आजच सुचली, म्हणजे आठवली. टुं टुं, टुं टुं, टुं. फार करुण. कुठल्यातरी खूप जुन्या सिनेमातली आहे. ह्या वेळी शहाणपणा केला, आधी जाऊला ऐकवली आणि म्हटलं, बोल, काय बोलायचं ते पूर्ण बोल.

 नुसती माझ्यामागे गेली आणि इस्त्री बंद केली. टुं टुं थांबलं.